कामूभाऊच्या प्रकल्पातला वाढीव प्रश्न

सर्व्हेच्या कामात पहिला प्रश्न आपण विचारत नाही, तो आपल्याला विचारला जातो. ‘कोणत्या गावचे?’ आणि पाठोपाठ, ‘आडनाव काय?’ ही दोन उत्तरं मनासारखी मिळाली की सतरंजी अंथरली जाते, चहा टाकला जातो आणि आपल्या कागदावरचा एक नंबरचा प्रश्न विचारायची वाट मोकळी होते. मनासारखी मिळाली नाहीत तरी प्रश्न विचारता येतातच, पण उभ्याने.

मी धुळ्याला एम. ए. करत असताना या कामाला लागलो आणि अजून त्यातच आहे. घरोघर जाऊन विचारायचं, ऐकलेलं लिहायचं, लिहिलेलं वरच्यांना द्यायचं. वरचे त्याचा अहवाल करतात. त्यात आमचं नाव नसतं. असलंच तर आभाराच्या शेवटच्या ओळीतल्या ‘आणि इतर’मध्ये. एका दंतमंजनाच्या कंपनीसाठी मी पारोळ्याच्या गल्ल्यांतून ‘दात कशाने घासता?’ विचारत फिरलो आहे. एका आजीने तोंड उघडून दाखवलं, ‘दातच नही शेतस भाऊ, घासू काय?’ कंपनीच्या कागदावर दात नसलेल्यांसाठी रकाना नव्हता. पाचोऱ्याच्या एका मारवाडी कापड दुकानदाराने माझ्या प्रत्येक प्रश्नाला उलट प्रश्न केला. मी बाहेर पडलो तेव्हा त्याला माझ्या घरची सगळी माहिती झाली होती, मला त्याच्या दुकानाची काहीच नव्हती, आणि माझ्या हातात एक टॉवेल होता.

कामाचे नियम थोडे आहेत. उत्तर सुचवायचं नाही. उत्तर आवडलं नाही तरी चेहरा बदलायचा नाही. आणि दुभाषा म्हणून गेलात तर सगळं सांगायचं; माणूस जेवढं बोलला तेवढं, पदरचं काही घालायचं नाही, गिळायचं नाही. हा शेवटचा नियम ऐकायला फार सोपा वाटतो. तो मला कुठे जड गेला तेवढंच इथे लिहायचं आहे. जमेल की नाही माहीत नाही, कारण आजवर मी दुसऱ्यांचीच उत्तरं लिहीत आलो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमचे अर्थशास्त्राचे वाणी सर यांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. त्यांच्यासमोर एक उंच, काळासावळा, कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस बसला होता.

‘हे कामुगिशा. टांझानियाचे. पुण्याला पीएच. डी. करतात, केळीवर. जळगाव जिल्ह्यात फिरायला यांना कोणीतरी पाहिजे. तुझं इंग्रजी कसं आहे?’

‘वाचायला बरं आहे, सर.’

‘बोलायचं आहे.’

‘बोलून बघतो, सर.’

कामुगिशा हसला. त्यालाही बहुतेक असंच कोणीतरी विचारलं असावं कधीतरी.

माझे वडील पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे शेतगडी, होते. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे काम नीट झालं तर सर माझ्यासाठी एम. फिल.ला शब्द टाकणार होते. शब्द टाकणारं दुसरं कोणी मला नव्हतं.

कामुगिशाचं गाव व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेला. तिथे केळी हे फळ नाही, जेवण आहे. हिरवी केळी शिजवून घेवड्यासारख्या दाण्यांबरोबर खातात. आपण लागवड करतो, घड कापतो, दोनतीन पिकं घेतली की बाग मोडतो. त्यांच्याकडे बाग मोडत नाहीत. घर बागेच्या मधोमध, आणि आजोबा-पणजोबा त्याच बागेत पुरलेले. केळीचे हे दोन संसार शेजारी ठेवून पाहायचे, असा त्याचा प्रकल्प होता. त्याच्या देशातल्या संशोधन परिषदेने तो मंजूर केला होता. तिथलं अर्धं काम करूनच तो इकडे आला होता.

‘मंजूर’ या शब्दाला तो फार मान द्यायचा. त्यांच्याकडे कुठल्याही संशोधकाला, मग तो परका असो की त्याच गावचा, विषय, गावं आणि प्रश्न आधी परिषदेकडून मंजूर करून घ्यावे लागतात. मग ते पत्र घेऊन प्रांताच्या कचेरीत, तिथून जिल्ह्याच्या, तिथून गावच्या प्रमुखाकडे जायचं. शेवटी गावकऱ्यांसमोर, त्यांच्या भाषेत, मंजूर झालेला विषय मोठ्याने वाचून दाखवायचा. त्यानंतर पहिला प्रश्न. मंजुरीबाहेरचा प्रश्न विचारला तर प्रकल्प रद्द होऊ शकतो.

‘इथे मला कोणी कागद विचारत नाही,’ तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला. ‘तुलाच काहीतरी विचारतात. ते काय असतं?’

मी त्याला आडनावाचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

रावेर तालुक्यातल्या ज्या गावी आमचं मुख्य काम होतं तिथले मोठे बागायतदार म्हणजे नाना. साठीच्या पुढचे, सडपातळ, केळीच्या पानाकडे लांबून पाहून पाणी कमी पडलं की जास्त ते सांगणारे. त्यांनी हो म्हटलं की गाव हो म्हणणार होतं. त्यांच्या बागेतली ठरावीक झाडं कापणीपर्यंत मोजत राहायची, हा प्रकल्पाचा कणा होता. तिकडची बोली माझ्या अहिराणीहून वेगळी. तिथे केळीची केयी होते आणि जवळचं जवय. तसा मीही परगावचाच होतो.

पहिल्या दिवशी नाना ओट्यावर उभे होते. माझं गाव आणि आडनाव सांगून झालं. त्यांनी कामुगिशाला हात जोडले.

‘तुमी वर या साहेब, खुर्चीवर बसा. हा तठी पायरीजवय बसीन. आमच्यात तसंच चालते.’

कामुगिशाने माझ्याकडे पाहिलं. ‘काय म्हणतात?’

मी सांगितलं. ‘तुम्ही वर या, खुर्चीवर बसा. हा तिथे पायरीजवळ बसेल. आमच्यात तसंच चालतं.’

‘हा म्हणजे कोण?’

‘मी.’

त्याने पायरीकडे पाहिलं. मग वर गेला, खुर्चीवर बसला, कागद काढले आणि म्हणाला, ‘दोन झाडांमधलं अंतर विचार.’

मी पायरीजवळून विचारलं. नानांनी सांगितलं. मी भाषांतर केलं. काम सुरू झालं.

नाना वाईट माणूस नव्हते. हे लिहायला मला आवडत नाही, पण ते खरं आहे. बागेत ते कामुगिशाला एकेक गोष्ट हाताला धरून दाखवायचे. खोडाच्या बुडाशी फुटणारी पिलं कधी कापायची, घडाला पानाची सावली कशी द्यायची, सारं सांगायचे. दोनतीन दिवसांत त्याचा कामूभाऊ झाला.

‘कामूभाऊ, तुमच्याकडची केयी कोनत्या स्टेशनावर भरता? आमची सावद्याहून दिल्लीले जाते.’

‘भरत नाही, नाना. आम्ही खातो.’

‘सारी?’

‘सारी.’

नाना मजुरांकडे वळून म्हणाले, ‘ऐका. तिकडे मानसं दिल्लीएवढं खातात.’ सगळे हसले, मीही हसलो, आणि मग ते भाषांतर केलं, तोही हसला.

चहा आला की कामूला कपबशी. माझा ग्लास गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात असायचा, मजुरांच्या ग्लासांशेजारी. पिऊन झाला की मी तो विसळून जागेवर ठेवायचो. संशोधनाचा भाग म्हणून आम्ही झाडांमधली अंतरं रोज मोजत होतो. ओटा आणि पायरीमधलं अंतर मोजायची कोणी सूचना दिली नव्हती. दुभाष्याने खालून बोलायचं म्हणजे आवाज मोठा ठेवावा लागतो. संध्याकाळी माझा घसा बसायचा. काम चांगलं चाललं होतं.

त्याला मी काही बोललो नाही. एकदा तोच बोलला. रावेरच्या स्टँडवर चहा घेत होतो, बस यायला वेळ होता.

‘पहिल्या दिवशी मी वर जाऊन बसलो. तुला राग आला?’

‘तुमचा विषय केळी आहे,’ मी म्हणालो. मला टोमणा मारायचा नव्हता. इंग्रजीत तो तसा निघाला.

‘हो. केळीच मंजूर आहे.’ त्याने ग्लास बाकावर ठेवला. मग म्हणाला, ‘माझ्या गावात आजार आलाय. तरुण माणसं रोडावत जातात आणि मरतात. नाव कोणी घेत नाही. माझा थोरला भाऊ तसाच गेला. घरात त्याचा कप वेगळा ठेवला होता, बसायची चटई वेगळी. आईनेच ठेवली. मी तेव्हा त्याच बागेत झाडं मोजत होतो. त्याच्या थडग्याच्या दोन्ही बाजूंची झाडं मोजली आणि लिहिली. बागेत काम करायला माणसं उरली नाहीत, हे माझ्या कागदांत कुठेच नाही. तसा प्रश्न मी मागितलाच नव्हता.’

बस आली तरी आम्ही उठलो नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने परिषदेला अर्ज लिहिला. प्रश्नावली दोन्ही देशांत एकच होती, म्हणून प्रश्नही असा हवा होता जो दोन्हीकडे विचारता येईल. त्याने तो पुन्हापुन्हा खोडून लिहिला: बागेत राबणाऱ्या माणसांपैकी कोणाचं बसणं, खाणं, पाणी वेगळं ठेवलं जातं, आणि का?

पाठवण्याआधी त्याने वाणी सरांना दाखवला. सरांनी चष्मा काढला.

‘हे कशाला? केळी मोजा आणि मोकळे व्हा. नानांनी पाठ फिरवली तर उद्या माझ्या कॉलेजच्या पोरांना त्या गावात कोणी उभं करणार नाही.’ मग माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाले, ‘तू डोक्यात घातलंस का याच्या?’

‘नाही, सर.’

‘तुझं पुढचं आहे अजून सगळं. विचार कर.’

बाहेर आल्यावर कामूने विचारलं, ‘शेवटी ते काय म्हणाले?’ मी तेही सांगितलं.

‘मग तू सांग. पाठवू?’

‘मी दुभाषा आहे.’

‘दुभाष्याला नाही विचारत. तुला विचारतोय.’

खरं तर मला तो प्रश्न हवा होता, आणि मला एम. फिल.ही हवं होतं. त्या सुट्टीत मी गावी गेलो आणि आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, ‘तू बोलना काय अन् नही बोलना काय, त्यास्ले ठाऊकच शे. पन इचारं कोनी नही अजून.’ लोकांना माहीत आहेच, फक्त कोणी विचारलं नाही, इतकंच तिचं म्हणणं. पाठव असंही म्हणाली नाही, नको असंही नाही. धुळ्याला परतल्यावर मी कामूला म्हटलं, पाठवा.

मंजुरी यायला पावसाळा उलटला. प्रश्न मंजूर झाला होता. अट एकच होती: वाढीव विषय परिषदेच्या पद्धतीप्रमाणे लोकांसमोर वाचून दाखवावा, आणि तो बागायतदार आणि मजूर दोघांनाही विचारावा.

इथे ते वाचून दाखवायचं काही कारण नाही, असं मी त्याला सांगितलं. आपल्याकडे तसं कोणी करत नाही. त्याने मान हलवली. ‘माझ्या गावात वाचला असता, मग इथे का नाही?’

नानांच्या अंगणात सकाळी कामाला निघालेले मजूर जमले होते. कामू नेहमीसारखा वर खुर्चीवर होता. त्यांच्याकडच्या पद्धतीप्रमाणे वाचणाऱ्याने संशोधकाच्या शेजारी उभं राहायचं असतं. हे त्याने मला नानांना सांगायला सांगितलं. म्हणजे मला वर येऊ द्या, हे मीच माझ्या तोंडाने सांगायचं होतं. सांगितलं.

नाना म्हणाले, ‘पद्धत तुमच्या गावची. ओटा माह्या बापाचा.’

मी भाषांतर केलं. कामू उठला, कागद घेतले, आणि पायऱ्या उतरून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.  मी वाचायला लागलो. माझी अहिराणी तिथे चालली नसती, म्हणून साध्या मराठीत वाचलं. कामू शेजारीच होता; त्याच्यासाठी आवाज चढवायची पहिल्यांदाच गरज नव्हती.

नानांनी शेवटपर्यंत ऐकलं. ‘आमच्या ओट्यावर कोनं बसायचं हे आफ्रिकेत ठरते का रे भो?’

मजूर हसले. मी कामूला सांगितलं, त्याने उत्तर दिलं, ते मी नानांना सांगितलं, ‘नाही. तिथे फक्त यांनी काय विचारायचं ते ठरतं. उत्तर तुमचं.’

‘मंग विचार.’ हे ते माझ्याकडे पाहून म्हणाले. इतक्या महिन्यांत उत्तरं ते कामूकडे पाहूनच देत आले होते.

‘नाना, तुमच्या बागेत राबणाऱ्यांपैकी कोणाचं बसणं, खाणं, पाणी वेगळं ठेवता?’

‘कोनाचंच नाही. ते दिवस गेले आता.’

मी भाषांतर केलं आणि लिहायला घेतलं. चेहरा बदलायचा नाही. तेवढ्यात मागून आवाज आला. गिरजाक्का (नाव मी बदललं आहे), नानांच्या बागेत निंदणीला आणि वाळलेली पानं काढायला येणारी पन्नाशीची बाई, विळा कमरेला खोचून उभी होती.

‘नाना, मंग गोठ्यातले गिलास काय म्हशीयचे हायेत?’

कोणी हसलं नाही.

‘गिरजे, तुले कोनी विचारलं?’

कामू माझ्याकडे पाहत होता. मी दोन्ही वाक्यं सांगितली. तो म्हणाला, ‘सांग, प्रश्न त्यांनाही आहे.’ मी तसं नानांना सांगितलं. नाना उठले. ‘आजचं झालं,’ म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी बागेच्या तोंडाशी रखवालदार उभा होता. बाग पाण्यावर आहे, चिखल आहे, नाना म्हणाले येऊ नका. शिवी नाही, धमकी नाही. चिखल पुढेही वाळला नाही. कापणीपर्यंत मोजायची झाडं अर्ध्यावर राहिली आणि कामूला दुसऱ्या गावात नव्याने सुरुवात करून एक हंगाम जास्त थांबावं लागलं. गिरजाक्काला काही दिवस कामावर बोलावलं नाही. मग कापणी आली, हात कमी पडले, आणि बोलावलं. वाणी सर माझ्यासाठी कोणाकडे बोलले नाहीत. रागावलेही नाहीत, भेटले की ‘काय चाललंय?’ विचारायचे. माझं एम. फिल. राहिलं ते राहिलंच. कामू प्रबंध घेऊन परत गेला. तो वाढीव प्रश्न त्याने आईला विचारला का, ते मला कळलं नाही. त्याचं पत्र आलं तेव्हा उत्तरात विचारावंसं वाटलं, पण मी ते लिहिलं नाही.

कोणी मला विचारतं की तो प्रश्न मागून काय मिळालं.  नानांनी उठून आत जावं यासाठी तो प्रश्न नव्हता, आणि मला ओट्यावर चढवण्यासाठीही नव्हता. प्रश्न वाचून दाखवला त्याच दिवशी दुपारी जे झालं ते सांगितल्याशिवाय मात्र हे पुरं होत नाही.

त्या दुपारी गिरजाक्काने आम्हाला घरी बोलावलं. ‘मले इचारायचं असीन तं माह्या घरी या,’ म्हणाली. एक खोली, पुढे सारवलेलं अंगण, कडेला बसायला दगडी पट्टी. ऊन होतं, आम्ही चालत आलो होतो. तिने आतून तांब्या आणला, तो कामूच्या हातात दिला. तो पोटभर प्यायला. तिने तांब्या परत घेतला, पुन्हा भरला आणि माझ्याकडे वळली.

‘ओंजय करा, दादा.’

आवाज मऊ होता. सकाळी आमच्या बाजूने जो आवाज निघाला होता, तोच. गोठ्यात आमचे ग्लास शेजारी असायचे, पण आडनावाच्या उतरंडीत मी तिच्याही खालचा होतो. मी ओंजळ केली, आणि तशीच धरून थांबलो.

कामूने विचारलं, ‘काय म्हणाल्या?’

मी सांगितलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, तो म्हणेल की राहू दे. त्याने तसं म्हटलं असतं तर मी राहू दिलं असतं. सकाळी इतक्या जणांत ती एकटी बोलली होती, उद्या तिचं काम जाणार हे आम्हा दोघांना दिसत होतं, आणि आता तिच्याच अंगणात तिलाच अडवायचं. पण प्रश्न मंजूर होता, बागेत राबणाऱ्या सगळ्यांसाठी होता, आणि तो मीच वाचून दाखवला होता. मी ओंजळ खाली केली, कागद काढला.

‘अक्का, तुमच्याकडे कोणाचं पाणी वेगळं ठेवता?’

ती तांब्याकडे पाहत राहिली. बाहेरून एक बैलगाडी गेली. 

‘हे बी लिहा लागते का?’

‘लागतं, अक्का.’

‘माह्यं नाव घालान?’

‘नाव नाही घालणार.’

‘मंग लिहा. ठेवतो म्हना.’ मग थांबून म्हणाली, ‘सासूनं सांगलं तसं करत आलो. कायले, ते इचारलं नाही म्हना.’

मी लिहिलं. तिचेच शब्द, तेवढेच. मग कामूला सांगितले.

मी मान वर केली तेव्हा तिने भरलेला तांब्या माझ्याजवळ दगडी पट्टीवर ठेवला होता आणि ती आत गेली होती. तो तिने मला प्यायला ठेवला की माझ्या हातात द्यायला नको म्हणून खाली ठेवला, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी तांब्या उचलला आणि तोंड लावून प्यायलो. आत भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला, आणि थोड्या वेळाने परत सुरू झाला.